बक्कल नौदलाचं असेलही, पण मोठ्या आबाजींचं?

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आहे. वय तिशीच्या आसपास. घरची जमीन थोडी, म्हणून चुलत काकांचं वावर ते बटईने करतात. व्हिडिओ पाहून त्यांनी एक मेटल डिटेक्टर मागवला. पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झाल्यावर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कडेने मशीन फिरवताना दीडेक फूट खोल एक गोल पितळी बक्कल निघालं. त्यावर जहाजाचा नांगर, नांगराला वेढलेली दोरी, भोवती पानांची माळ आणि वर मुकुट. जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाने फोटो पाहून "ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्याचं आहे" असं सांगितलं आणि पंचवीस हजार देऊ केले. अट एवढीच की आणखी कुणाला न दाखवता लगेच पाठवायचं. वाचकाच्या आजोबांचे थोरले भाऊ, घरातले 'मोठे आबाजी', म्हणजे याच चुलत काकांचे वडील, दुसऱ्या महायुद्धात नौदलात खलाशी होते. 1946 मध्ये ते अचानक गावी आले आणि परत गेले नाहीत. "बंडात होते, म्हणून काढलं" असं गाव म्हणतं. घरात त्यावर कुणी बोलत नाही. बक्कल त्यांचंच, अशी वाचकाची खात्री आहे. काकांना सांगितलं तर ते ठेवून घेतील, ही भीती आहे. आई म्हणते, "मातीतलं घरात आणू नको, जिथचं तिथं ठिवून दे बापा." वाचक विचारतात: हे आबाजींचंच आहे ना? विकू की ठेवू? काकांना सांगू का? आणि उन्हाळ्यात गावाच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर, मशीन नेऊ का?

भाऊ,

सगळ्यात आधी एक विनंती. ते बक्कल आणखी घासू नका. दुसऱ्या फोटोत एका बाजूचा नांगर लख्ख पिवळा दिसतोय, म्हणजे चिंच किंवा पितांबरी लावून झालेली आहे. अशा बक्कलांवर बहुतेक वेळा सोन्याच्या मुलाम्याचा पातळ थर असतो. तो मातीत शंभर वर्षं टिकतो, पण भांडी घासायच्या पावडरीने एका दुपारी जातो. नक्षीच्या खाचांत अडकलेली काळी माती तशीच राहू द्या. फार तर साध्या पाण्यात बुडवून मऊ दात-ब्रशने सैल माती काढा, सावलीत पूर्ण कोरडं करा आणि कागदात गुंडाळून सुक्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी सोबत टाका. कुठे फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी धरताना दिसली तर ओल लागते आहे असं समजा. गडद हिरवा, घट्ट बसलेला थर मात्र काही बिघडवत नाही, उलट तो धातूला सांभाळतो.

आता ओळखीचं. तुमच्या फोटोत जे दिसतं ते ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या तलवारीच्या पट्ट्यावर असायच्या त्या बक्कलाशी जुळतं, हे खरं आहे. ते बक्कल दोन भागांचं असे. मधली चकती एका भागाला, तिच्याभोवतीचं कडं दुसऱ्या भागाला, आणि दोन्ही एकमेकांत अडकत. मध्ये मुकुट आणि दोरी वेढलेला नांगर, भोवती लॉरेलच्या पानांची माळ. दोरी वेढलेल्या नांगराला तिकडे फाउल्ड अँकर म्हणतात आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडच्या आरमारप्रमुखाच्या मुद्रेशी तो जोडलेला आहे. पण नक्षी जुळली म्हणून वस्तू ठरली, असं होत नाही. नांगर हे चिन्ह जगात इतक्या लोकांनी वापरलं आहे की नुसत्या नांगरावरून कुणी "नौदल" म्हटलं तर मी लगेच मान डोलावत नाही.

बॉइज ब्रिगेड घ्या. 1883 मध्ये ग्लासगोला विल्यम स्मिथ यांनी ही मुलांची संघटना काढली. मिशन शाळांतून ती भारतातही आली. तिच्या पट्ट्याच्या बक्कलावर नांगर असतो आणि ब्रीदवाक्य इंग्रजीत: शुअर अँड स्टेडफास्ट. इंग्लंडच्या शेतात मशीन घेऊन फिरणाऱ्यांना अशी बक्कलं वारंवार सापडतात आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास ती नौदलाची समजतो. त्यांचं वय काढणंही सोपं आहे. 1926 मध्ये बॉइज लाइफ ब्रिगेड तिच्यात विलीन झाली, तेव्हापासून नांगराच्या मागे क्रूस आला. नुसता नांगर असेल तर आधीचं, मागे क्रूस असेल तर नंतरचं. या बक्कलांवर राजमुकुट नसतो, म्हणून तुमचं हे नव्हे असं सध्या तरी वाटतं. तरीही कडेवर अक्षरांचे अवशेष आहेत का ते भिंगाखाली नीट पाहा. हे मी इतर वाचकांसाठीही लिहितोय, कारण विदर्भात जुन्या मिशन शाळा पुष्कळ आहेत.

त्याखेरीज एनसीसीचा नौदल विभाग आहे, व्यापारी जहाजांवरचे लोक आहेत, ब्लेझरची फॅशन आहे. आणि लग्नाच्या बँडवाल्यांना विसरू नका. लाल-निळ्या डगल्यावर पितळी नांगराची बटणं आणि चकचकीत बक्कल लावलेले वादक आपण सगळ्यांनी पाहिलेत. ती सगळी बाजारात तयार मिळणारी किंवा जुन्या गणवेशांवरून उतरवलेली. वरातीत पट्टा तुटला आणि बक्कल धुऱ्यावर पडलं, हीसुद्धा एक साधी, शक्य असलेली गोष्ट आहे.

मग ओळखायचं कसं? मुकुटाकडे बघा, सगळ्यात जास्त तोच सांगतो. 1901 मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला तेव्हापासून 1952 पर्यंतच्या वस्तूंवर ट्यूडर मुकुट असतो: त्याच्या कमानी बाजूंनी वर चढत जाऊन घुमटासारख्या गोल मिटतात. दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात, 1953 पासून, सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी वर मध्यावर खाली दबलेल्या असतात, खळी पडल्यासारख्या. 1901 च्या आधीचे, व्हिक्टोरियाच्या काळातले मुकुट एकाच साच्याचे नाहीत, त्यातल्या काहींना मध्ये खळी असते. म्हणजे जुन्या वस्तूवर घुमट दिसला तर 1901 ते 1952. खळी दिसली तर एकतर त्याआधीचं किंवा त्यानंतरचं, आणि मग निर्णय बनावटीवरून करायचा.

इथे आपल्या देशाची एक तारीख फार उपयोगी पडते. आपलं नौदल 1892 पासून रॉयल इंडियन मरीन होतं, 1934 मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झालं, आणि 26 जानेवारी 1950 ला 'रॉयल' गेलं. त्याबरोबर मुकुटही गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यामुळे एलिझाबेथच्या काळातला मुकुट भारतीय नौसैनिकाच्या अंगावर असणं शक्य नाही. तसं निघालं तर ती वस्तू भंगारातून, जुन्या कपड्यांच्या बाजारातून किंवा एखाद्या प्रवाशाबरोबर नंतर आलेली आहे आणि मोठ्या आबाजींशी तिचा संबंध नाही, एवढं पक्कं समजा.

बनावट तपासायला घरातली साधनं पुरतात. चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसतं पाणी चढवलेलं. हातात घेऊन फारच हलकं वाटलं तर ते रंग दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. ब्रिटिश सैन्यात ही चमकदार, घासावी न लागणारी बटणं-बक्कलं महायुद्धानंतर आली. मग पालथं करा. पाठीमागची कडी वेगळी करून डाग देऊन जोडली आहे की पूर्ण तुकडा एका साच्यात ओतलाय? कडेने साच्याची उभी रेघ धावते का? नक्षीत दोरीचे पीळ वेगवेगळे मोजता येतात की सगळं साबणाच्या वडीवरच्या शिक्क्यासारखं बोथट आहे? हल्लीच्या नकला बहुधा जस्ताच्या मिश्रणाच्या, बोथट नक्षीच्या असतात. पाठीमागे कारागिराचं किंवा दुकानाचं बारीक नाव सापडलं तर तुमचं अर्धं काम झालं. फोटो काढताना बक्कल सपाट ठेवा आणि उजेड वरून न देता बाजूने, अगदी आडवा द्या. खिडकीजवळ सकाळच्या उन्हात काढलेला असा फोटो डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही दाखवतो. शेजारी मोजपट्टी ठेवा आणि पुढून, मागून, कडेने असे फोटो घ्या. मला मागचा फोटो मिळालेला नाही, म्हणून मी याहून पुढे जात नाही.

समजा, मुकुट घुमटाचा निघाला, मुलामा खरा निघाला आणि बक्कल खरोखर नौदल अधिकाऱ्याचं ठरलं. तरी ते मोठ्या आबाजींचं ठरतं का? तुम्ही स्वतःच लिहिलंय की ते खलाशी होते. महायुद्धातला खलाशी गळ्याशी निळी कॉलर असलेला सदरा आणि घोळदार पँट घालायचा. तलवारीचा पट्टा त्याच्या गणवेशात नव्हताच. तो अधिकाऱ्याचा मान. म्हणजे बक्कल जितकं जास्त "अधिकाऱ्याचं" ठरेल, तितकं ते आबाजींपासून लांब जाईल. तो घेणारा माणूस ज्या शब्दांनी किंमत वाढवतोय, त्याच शब्दांनी तुमची गोष्ट कमजोर होते आहे, हे तुमच्या लक्षात आलं नसावं. अधिकाऱ्याकडे कामाला असलेल्या माणसाकडे अशी वस्तू येऊ शकते, युद्धानंतर मुंबईच्या बाजारात ती विकतही मिळू शकते. पण हे सगळे "शकते" आहेत.

आणि बंडाचा पुरावा म्हणून तर हे बक्कल मुळीच चालणार नाही. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण तळावर खलाशांनी काम बंद केलं. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिव्या ही तात्कालिक कारणं, पोटात आझाद हिंद सेनेवरच्या खटल्यांचा राग. काही दिवसांत ते कराचीपासून कलकत्त्यापर्यंत पसरलं; 78 जहाजं, 20 तळ आणि वीस हजारांवर खलाशी त्यात होते असं मानलं जातं. 23 तारखेला त्यांनी शरणागती पत्करली. हा उठाव खलाशांचा होता, तलवार लावणाऱ्या अधिकाऱ्यांचा नव्हता. त्यानंतर शेकडो खलाशांना नोकरीवरून काढून गावी पाठवलं गेलं, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. तुमचे मोठे आबाजी त्यांपैकी असतील तर त्यांचं गप्प राहणं मला समजतं. नोकरी गेली, पेन्शन नाही, आणि गावाला सांगणार काय? ज्या माणसाने हे सोसलं असेल त्याला एका बक्कलाच्या आधारावर नायक करणं मला बरं वाटत नाही. त्यांची गोष्ट खरी असेल तर ती कागदांवरून सिद्ध व्हायला हवी, आणि ते कागद शोधण्यासारखे आहेत.

कागदांकडे येतोच. त्याआधी खोलीबद्दल, कारण "दीड फुटावर सापडलं म्हणजे जुनंच" असं तुम्ही ठामपणे लिहिलंय. आपली काळी माती तसं म्हणू देत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, वरची वस्तू भेगेत सरळ खाली जाते. पावसाळ्यात माती फुगते, भेग मिटते, वस्तू आत अडकते. वर्षानुवर्षं ही उलथापालथ चालू असते. त्यात वखर, ट्रॅक्टरचा नांगर, आणि आता तलावाचा गाळ आणून पसरणं. दोन वर्षांपूर्वी पडलेलं बटण आणि शंभर वर्षांपूर्वीचं नाणं आपल्या वावरात शेजारी शेजारी सापडू शकतं. खोलीला काळाचा पुरावा धरू नका.

शिवाय वावरात वस्तू येते कुठून? सगळ्यात मोठा रस्ता शेणखताचा. घर झाडलं की केर उकिरड्यावर, उकिरड्याचं खत उन्हाळ्यात बैलगाडीने वावरात. फाटक्या कोटाची बटणं, तुटकी कडी, मोडकं बक्कल असंच जातं. म्हणून मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: त्या वावरात कुणाच्या घरचं खत पडायचं? ते वावर काकांचं, म्हणजे आधी आबाजींचं. त्यांच्याच वाड्याचा उकिरडा तिथे जात असेल तर बक्कल त्यांच्या घरातून आलं असण्याची शक्यता खरंच वाढते, ते कुणाचंही असो. आणि हे सांगू शकणारा जिवंत माणूस एकच आहे. तुमचे काका.

म्हणून काकांना सांगाच. तेही विकायच्या आधी, आणि ओळख पटवायच्याही आधी. तुम्ही भीती धरून बसलाय की ते बक्कल ठेवून घेतील. घेतील कदाचित. पण विचार करा, वावर त्यांचं, वडील त्यांचे. तुम्ही तिथे कसता, राबता, मशीनही तुमचं, हे खरंच. पण बटईचा करार पिकाचा असतो, मातीतल्या वस्तूंचा नाही. आणि लपवलेली गोष्ट गावात किती दिवस लपते? मशीनचा आवाज धुऱ्यापलीकडच्यांनी ऐकलाय. बक्कल विकल्यावर काकांना दुसऱ्याकडून कळलं तर पुढच्या हंगामात ते वावर तुमच्याकडे राहील का, याचाही हिशेब पंचवीस हजारांच्या बाजूला मांडा.

कसं सांगायचं तेही सांगतो. चारचौघांत नको, ओसरीवर चहा घेताना. सुरुवातीलाच "आबाजींचं नौदलातलं बक्कल सापडलं" म्हणू नका. तसं म्हटलं की काका एकतर भारावून "हो" म्हणतील, नाहीतर जुन्या दुखण्यामुळे उठून जातील. दोन्हीतून खरं काही कळणार नाही. फक्त वस्तू हातात द्या. "काका, धुऱ्यापाशी हे निघालं. तुम्ही असं काही पाहिलं होतं का कधी?" आणि मग गप्प राहा. त्यांनी लहानपणी वडिलांच्या ट्रंकेत काही पाहिलं असेल तर ते स्वतःहून बोलतील. काकूंनाही विचारा. ट्रंका, जुने कोट, कुणी काय फेकलं हे घरातल्या बायांना जास्त आठवतं.

त्या ट्रंकेत बक्कलापेक्षा मोलाचं काही असू शकतं. युद्धाची पदकं असतील तर गोल पदकाची कड उजेडात फिरवून बघा. भारतीय दलांना दिलेल्या पदकांवर नंबर आणि नाव कोरलेलं असे. तो नंबर मिळाला की पुढचं सगळं सोपं होतं. नोकरीचा दाखला, मनिऑर्डरीची पावती, गणवेशातला फोटो, काहीही चालेल. खलाशांच्या नोंदी नौदलाच्या ब्यूरो ऑफ सेलर्स या कार्यालयाकडे असतात. ते मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पात आहे. अर्ज काकांच्या सहीने जाऊ द्या, कारण मुलगा म्हणून तो अधिकार त्यांचा. अर्जात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, त्या वेळचा जिल्हा, भरतीचं आणि परत आल्याचं अंदाजे वर्ष आणि नंबर असेल तर नंबर लिहा. त्या वेळी वर्धा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, तेही लिहा, कारण जुन्या नोंदींत तसंच असणार. अर्ज कसा करायचा हे कळत नसेल तर वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, असे अर्ज त्यांच्या रोजच्या कामातले आहेत. केंद्र सरकारने 1946 च्या या उठावाला स्वातंत्र्यसैनिक पेन्शनसाठी स्वातंत्र्यलढ्याचा भाग मानलं आहे. आबाजींनी कधी त्यासाठी अर्ज केला होता का, हेही काकांना विचारा. केला असेल तर त्या फायलीत त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत असेल.

आता कायदा. तुम्ही तो विचारला नाहीत, पण तुमच्यासारखे मशीन घेतलेले तरुण गावोगाव आहेत, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. न कळवल्यास आपला वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. दहा रुपये ही रक्कम जुनी आहे, पण कायद्यात तीच आहे. आणि तुमच्याकडे पंचवीस हजारांची मागणी लेखी आलेली असताना किंमत माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. रीतसर कळवलं आणि मालक कुणी निघाला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. म्हणजे हा कायदा तुमच्या विरोधात नाही. साध्या कागदावर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, फोटो जोडा आणि आवक क्रमांक घेऊन ठेवा.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावस्तूंचा. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावस्तू. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचा मुकुट व्हिक्टोरियाच्या काळातला निघाला तर बक्कल सरळ या कायद्यात येतं. घुमटाचा निघाला तर नेमकं कोणत्या दशकातलं हे जाणकाराकडून ठरवून घ्यावं लागेल. म्हणून ओळख आधी आणि सौदा नंतर. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, बक्कल घेऊन जा. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्व विभागही आहे. त्यांना दाखवायला पैसे लागत नाहीत, लागतो तो एक दिवस.

पांढरीवर मात्र मशीन नेऊ नका. यावर मी अजिबात मऊ बोलणार नाही. पांढरी म्हणजे आपल्या आधीच्यांची वस्ती. राख, शेण, पडक्या भिंती यांच्या थरांनी ती माती पांढरी झालेली असते. कौंडिण्यपूर, पवनी, अडम, भोन इथे जे इतिहासाला सापडलं ते अशाच उंचवट्यांतून. तिथे एक नाणं कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होतं, यातून काळ ठरतो. खुरप्याने भोक पाडून ते नाणं काढलं की नाणं उरतं आणि बाकीचं ज्ञान नष्ट होतं, कायमचं. काळ्या मातीच्या वावरात थर आधीच घुसळलेले असतात, म्हणून तिथलं नुकसान कमी. पांढरीवर थर शाबूत आहेत. नागपूरकडच्या शिळावर्तुळांचंही, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या कड्यांचंही, तेच. जुनापाणीची वर्तुळं तर संरक्षित आहेत, तिथे परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा. स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी 1863 मध्ये टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ नदीत बुडून गेले. विदर्भाच्या मातीतला इतिहास लोकांनी इतक्या आस्थेने, जीव धोक्यात घालून शोधलाय. मशीन वापरायचंच तर स्वतःच्या किंवा मालकाने हो म्हटलेल्या वावरात वापरा, हरवलेली अंगठी किंवा विळा शोधायला वापरा. पुलगावच्या बाजूला लष्कराच्या मैदानांजवळ तर अजिबात नको. तिथे मशीन वाजलं की खाली काय असेल ते सांगता येत नाही.

राहता राहिली आई. ती म्हणते ते बाजूला सारू नका. तिला बक्कलाची भीती नाही, गावाच्या तोंडाची आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे वावरात कुणी मशीन फिरवतोय एवढं कळलं की "हंडा सापडला" व्हायला एक रात्र लागते. मग कुणी पायाळू माणूस घेऊन येतो, कुणी मांत्रिक, कुणी अमावास्येचा मुहूर्त काढतो. गुप्तधनाच्या नादात विदर्भात माणसांचे जीव गेलेत; 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला असल्या अघोरी प्रकारांची दखल घ्यावी लागली ती उगीच नाही. म्हणून तुमचं सगळं दिवसाउजेडी असू द्या. काकांशी बोलून झालं की पोलीस पाटलांना बक्कल दाखवा, अर्जाची प्रतही दाखवा. पितळेचं एक बक्कल आहे, हे गावाला एकदा डोळ्यांनी दिसलं की हंड्याची गोष्ट तिथेच थांबेल. आणि आईलाही ते हातात घेऊन बघू द्या.

विकण्याबद्दल माझं उत्तर सध्या "नाही" असं आहे. कुणाला दाखवू नका आणि लगेच पाठवा, असं सांगणारा ग्राहक खऱ्या वस्तूला कमी भाव देतोय किंवा तुम्हाला बेकायदा व्यवहारात ओढतोय. दोन्हींत तोटा तुमचाच. त्याला एवढंच कळवा की ओळख आणि परवानगीचं काम चालू आहे. खरा संग्राहक थांबतो. ओळख पटली, अर्जावर निर्णय झाला, वस्तू शंभर वर्षांच्या आतली ठरली आणि काकांची संमती मिळाली, तर विकून पैसे दोघांनी वाटून घेण्यात काहीही गैर नाही. शेतकऱ्याच्या घरात पंचवीस हजार ही लहान रक्कम नव्हे. आणि काका म्हणाले की हे माझ्या बापाच्या ट्रंकेतलं आहे, तर ते त्यांना देऊन टाका. त्याच बैठकीत मानखुर्दच्या अर्जावर त्यांची सही घ्या.